रिकामे चाललेले तास

नव्या वस्तूकडे मराठी माणूस थोड्या संशयानेच पाहतो, आणि तो संशय भाषेत उतरला आहे. नवी कोल्हापुरी चप्पल 'चावते'. तिला तेल पाजावे लागते, आठवडाभर पायाची साल देऊन तिची मर्जी राखावी लागते, मग ती पायात 'रुळते'. बिडाचा नवा तवा पहिली काही धिरडी सोडत नाही. नव्या घागरीच्या पाण्याला मातीची चव असते. या सगळ्या ठिकाणी आपण वापरतो ती क्रियापदे अकर्मक आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चप्पल रुळते, तवा मुरतो, हात बसतो. आपण घडवतो असे म्हणत नाही. ते आपसूक घडावे, एवढी सोय आपण करावयाची असते. आमच्या गावचे मेस्त्री नव्या इंजिनाविषयी बोलताना असेच म्हणत : 'रिंगा बसल्या', किंवा 'रिंगा बसल्या न्हाईत.' 'मी रिंगा बसवल्या' असे ते म्हणत, पण ते जोडणीपुरते. जोडणे हे मेस्त्रीचे काम. बसणे हे रिंगांचे. या दोहोंमधला फरक आम्हांला वयाच्या सोळाव्या वर्षी कळावयास हवा होता. तो कळला नाही, त्याची ही हकीगत.

कोडोली हे आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात आहे. कोल्हापूरहून निघाले की ज्योतिबाचा डोंगर ओलांडून पलीकडे. शेजारी वारणानगर, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि खोऱ्यातल्या माळांवर ऊस चढला. ऊस म्हणजे पाणी, आणि ज्याच्या विहिरीपर्यंत विजेचे खांब पोचले नव्हते त्याला पाणी म्हणजे इंजिन. आमच्या लहानपणी गावची पहाट कोंबड्याने होत असे की इंजिनांनी, हे सांगणे कठीण आहे. कोणाचे इंजिन कोणते, हे आवाजावरून ओळखू येई. एखाद्याचे बंद पडले तर सारी आळी थबकून ऐके.

१९७४ च्या चैत्रात आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सोसायटीचे कर्ज काढून पाच अश्वशक्तीचे नवे डिझेल इंजिन आणले. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची धास्ती मनात होती, आणि आदल्या वर्षीपासून जगभर तेलाचे भाव चढल्यामुळे रॉकेल-डिझेल हे शब्द घरात हलक्या आवाजात उच्चारले जात होते. इंजिन बैलगाडीतून आले, त्याला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. मेस्त्रींनी विहिरीच्या कट्ट्यावर पाया घालून ते बसवले, हॅण्डल मारून चालू करून दाखवले आणि आप्पांना सूचना दिल्या. आम्ही बाजूला उभे होतो. त्या सूचनांपैकी आमच्या कानांत एकच वाक्य राहिले : "पयलं पन्नास तास जपून चालवा."

दुसऱ्या दिवशी आप्पा पंपाचे पाइप आणण्यासाठी कोल्हापूरला गेले. उद्यमनगरात पाइप तयार नव्हते, म्हणून नातेवाइकांकडे राहिले; पाच दिवसांनी परतले. मॅट्रिकची परीक्षा देऊन आम्ही मोकळे होतो. आप्पा येण्यापूर्वी ते पन्नास तास आपण उरकून टाकावेत, म्हणजे पाइप जोडले की इंजिन पुऱ्या दमाने कामाला लागेल, असा विचार आमच्या मनात आला. 'जपून' या शब्दाचा आम्ही लावलेला अर्थ सरळ होता. इंजिनाला ओझे द्यावयाचे नाही. पट्टा चढवला नव्हताच, पंप कोरडा होता. म्हणजे याहून अधिक जपणे शक्य नव्हते. आम्ही रोज सकाळी इंजिन चालू करीत असू, त्याच्याजवळ कादंबरी वाचत बसत असू आणि एका वहीत तास लिहीत असू. पाच दिवसांत अडतीस तास झाले. पारायणाला बसलेला माणूस जसा अध्याय मोजतो, तसे आम्ही तास मोजले. आप्पांनी आल्यावर वही पाहिली आणि चार लोकांना दाखवली. आमच्या अक्षराचेही कौतुक झाले.

पाइप जोडले, पाणी चालू झाले. पंधरवड्यात इंजिनाने निळसर धूर धरला. तेलाची पातळी रोज खाली जाऊ लागली. ब्रीदरच्या नळीतून वाफेसारखा धूर धापा टाकल्यासारखा बाहेर येऊ लागला, आणि विहिरीत पाणी असूनही पाटाला ते पूर्वीच्या जोराने येईना. मे महिन्याच्या आरंभी, उन्हाचा कहर असताना, इंजिन खोलावे लागले. ते आठ दिवस बंद राहिले. शिवाराच्या टोकाची दहा गुंठे लागण त्या आठ दिवसांत वाळली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले : आधी पानांच्या सुरळ्या झाल्या, मग टोके पिवळी पडली, आणि शेवटी ती इतकी हलकी झाली की वारा नसतानाही वाजत असल्याचा भास होई.

मेस्त्रींनी हेड उतरवले, पिस्टन वर ओढून काढला आणि आम्हांला बॅटरी धरावयास सांगितली. बॅटरीच्या उजेडात लायनरची आतली बाजू आरशासारखी चकाकत होती. आम्हांला ते फार सुंदर वाटले, आणि आम्ही तसे बोलूनही गेलो. मेस्त्रींनी आमच्याकडे पाहिले. आप्पा तेव्हा बांधावर होते. हलक्या आवाजात मेस्त्री म्हणाले, "रिकामं किती चालवलंस?"

आम्ही वहीतला आकडा सांगितला.

"जपून म्हंजे रिकामं न्हवं, बाळ," ते म्हणाले. "जपून म्हंजे बेतानं काम. काम न दिल्यालं इंजान आतनं गुळगुळीत हुतंय. गुळगुळीत झालं की संपलं."

मेस्त्री जे चार शब्दांत सांगून गेले ते समजावयास आम्हांला पुढे पुस्तके वाचावी लागली. नव्या सिलिंडरची आतली भिंत मुद्दाम गुळगुळीत ठेवलेली नसते. घासदगडांनी तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी काढलेली असते. त्यालाच होनिंग म्हणतात. या रेघांची खोली मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. रेघांच्या खाचांत तेल टिकते, आणि खाचांमधल्या उंचवट्यांवर पिस्टनच्या रिंगा घासून दोघांचाही आकार एकमेकांना जुळतो. नवी रिंग कितीही अचूक कातलेली असली, तरी तिची कड आणि भिंत यांची गाठ पूर्वी कधी पडलेली नसते. ही गाठ पडणे म्हणजे रिंग बसणे.

आता ती बसते कशाने? रिंगेला स्वतःचा ताण असतो, पण तो पुरेसा नसतो. इंधन पेटले की वायूचा दाब रिंगेच्या मागच्या खोबणीत शिरतो आणि तिला बाहेरच्या अंगाने भिंतीवर रेटतो. भार जितका अधिक, तितके इंधन अधिक, तितका दाब अधिक. डिझेल इंजिनात हवा नेहमी पुरी घेतली जाते. भाराप्रमाणे बदलते ते केवळ इंधन. गव्हर्नर नावाचा भाग फेरे कायम राखतो, म्हणून रिकामे इंजिनही मिनिटाला तेवढेच फेरे घेते, तेवढेच तास भरते. दाब मात्र नसतो. भिंत थंड राहते, रिंग तिच्यावरून नुसती सरकते. इंधन पुरते जळत नाही, भिंतीवरचे तेल रिंगेला चुकवून मागे राहते, होरपळते आणि रोगणासारखा थर धरते. तो थर रेघांच्या खाचा बुजवतो. आम्ही सुंदर म्हटलो तो चकाकता आरसा म्हणजे हाच थर. एकदा तो धरला की पुढे कितीही भार दिला तरी रिंग सहसा बसत नाही. इंजिन खोलून भिंतीवर पुन्हा रेघा ओढाव्या लागतात.

उलट टोकही तितकेच खरे आहे. पहिल्याच तासाला पुरा भार दिला, तर न जुळलेले उंचवटे तापून एकमेकांना चिकटतात, ओरखडे उठतात, आणि त्यांवर घासदगडाचाही इलाज चालत नाही. म्हणून बेत. पट्टा चढवून पंप सुरू करावयाचा, पण पाणी सोडणारा व्हॉल्व्ह निम्मा मिटलेला ठेवावयाचा. या जातीच्या पंपाला पाणी कोंडले की शक्ती कमी लागते. मग रोज तो थोडाथोडा उघडत जावयाचे, मध्ये भार कमी-अधिक करावयाचा, रिकामे फार वेळ ठेवावयाचे नाही. पहिले तेल लवकर बदलावयाचे, कारण त्यात झिजलेल्या धातूची चमकी उतरलेली असते.

मेस्त्रींनी त्या दिवशी यातले काहीही सांगितले नाही. आमच्या आजीने मात्र, हे सारे बाजूला बसून ऐकत असता, एवढेच विचारले : "म्हंजे जात्याला टाकी लावत्यात तसंच की?" तसेच होते. जाते वापरून गुळगुळीत झाले की ते पीठ पाडीत नाही, दाणे नुसते चेंगरते. मग टाकी लावणारा येतो आणि छिन्नीने दगडावर पुन्हा खरखरीतपणा उठवतो. टाकी लावल्यानंतरचे पहिले पीठ माणसे खात नाहीत. त्यात कच असते, ते जनावरांच्या आंबोणात जाते. होनिंग आणि पहिले तेल फेकून देणे, या दोन्ही गोष्टी त्या माउलीला जात्यावर बसून ठाऊक होत्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण मूर्तीच्या संदर्भात घेतो, आणि घावांनी दगड सुबक होतो असा तिचा अर्थ लावतो. आजीच्या जात्यावरून पाहिले तर टाकी दगडाला खरखरीत करते, आणि खरखरीत झाल्यानेच तो कामाचा होतो.

संध्याकाळी आप्पा आले. मेस्त्रींनी हात पुसत त्यांना सांगितले, "रिंगा कच्च्या निघाल्या, आप्पा. हुतंय कवा कवा."

आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही काही बोललो नाही.

मेस्त्रींनी भिंतीवर नव्याने रेघा ओढून आणल्या, नव्या रिंगा घातल्या, मजुरी निम्मीच घेतली. पुढचे पन्नास तास त्यांनी आम्हांलाच इंजिनापाशी बसवले, आणि व्हॉल्व्ह किती फेरे उघडावयाचा ते रोज सकाळी येऊन सांगितले. ते इंजिन नंतर एकोणीस वर्षे चालले. पण आप्पा मात्र गावात, बाजारात, पाहुण्यांत सांगत राहिले की त्या कारखान्याच्या रिंगा कच्च्या असतात. त्यांचे ऐकून शेजारच्या दोघांनी दुसऱ्या कारखान्याचे इंजिन घेतले. ज्या कारागिरांनी ती रिंग ओतली, कातली, तपासली, त्यांच्यावर आमच्या वहीचा दोष बसला. पोराला वाचवण्यासाठी मेस्त्री खोटे बोलले, हे आम्ही समजू शकतो. ज्या वहीचा आप्पांना अभिमान होता ती वहीच दोषी आहे, हे त्यांना सांगण्याचे धैर्य आम्हांला पुढच्या तीस वर्षांत झाले नाही, हे मात्र समजून घेणे अवघड जाते. आप्पा गेले तेव्हा ती वही त्यांच्या ट्रंकेत, कर्जाच्या पावत्यांसोबत, नीट जपून ठेवलेली सापडली.

कारागिरांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. रुडॉल्फ डिझेल या माणसाने १८९२ साली आपल्या इंजिनाचे पेटंट मागितले, पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. कागदावरचे यंत्र निर्दोष होते. त्याच १८९३ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात ते प्रथम पेटले आणि आतल्या स्फोटाने दाब मोजणारे उपकरण उडवून दिले. चालण्याजोगे इंजिन उभे राहावयास १८९७ साल उजाडले. मधली वर्षे सिद्धान्ताची नव्हती. ती झडपांची, गळतीची, इंधन फवारण्याची, म्हणजे धातूशी धातूची गाठ घालण्याची होती. आमच्या मुलखातही हे घडले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे आजही आदराने घेतली जातात. शेतकऱ्याच्या इंजिनांनी या शहराला ओतकामाचा जो हात दिला, तो पुढे मोटारींच्या सुट्या भागांना उपयोगी पडला. आणि साहित्याच्या अभ्यासकांनी हे विसरू नये, की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर नांगरांचा कारखाना हलवला, आणि १९२० साली त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याची बातमी देणारे ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती 'किर्लोस्कर' मासिक झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' त्याच्या मागून आली. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा एक मोठा काळ लोखंडाच्या शेजारी घडला आहे. आपण त्या काळाचा इतिहास शिकवतो तेव्हा लोखंड वगळतो.

आम्ही पुढे मराठीचे अध्यापक झालो. तेहेतीस वर्षे शिकवले. इंजिनाचा प्रसंग आम्ही विसरलो नव्हतो. पण तो इंजिनाविषयीचा आहे, असे समजत होतो.

आमच्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी एम.फिल.चा प्रबंध लिहीत होती. खेड्यातून आलेली, शिकणारी घरातली पहिली, भाषेचा कान उत्तम. आम्हांला तिला जपावयाचे होते. तिच्या प्रत्येक प्रकरणावर आम्ही 'छान' असे लिहिले. तिच्या विधानांना हरकत घेतली नाही. जेथे ती चुकली तेथे वाक्य आम्हीच दुरुस्त केले. चर्चासत्रात कोणी खोचक प्रश्न विचारला, तर उत्तर आम्ही दिले. प्रबंध वेळेत पुरा झाला, भाषा निर्दोष होती. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी अत्यंत सौम्य आवाजात विचारले, की या कादंबरीविषयी तुम्ही पाच समीक्षकांची मते दिली आहेत, त्यांतले तुम्हांला कोणते पटत नाही? ती गप्प राहिली. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते आम्ही यापूर्वी बॅटरीच्या उजेडात पाहिले होते. कोठेही अडखळू न दिलेला, स्वच्छ, चकाकता पृष्ठभाग, ज्यावर काहीही टिकत नव्हते.

पदवी मिळाली. निरोप घेताना ती म्हणाली, "सर, तुम्ही मला कधी अडवलंच नाही." ती आभार मानीत होती. आम्हांला मात्र ते वाक्य मेस्त्रींच्या प्रश्नासारखे ऐकू आले : रिकामं किती चालवलंस?

तिने आता अध्यापन सोडले आहे. त्याला इतर कारणेही असतील. सारा दोष स्वतःकडे ओढून घेण्यातही एक प्रकारचा डौल असतो, तो आम्हांला नको. पण आमच्या वाट्याचा जो आहे, तो रिंगांवर ढकलण्याची चूक आम्ही दुसऱ्यांदा करणार नाही. आमच्या व्यवसायात पहिल्याच तासाला पुरा भार टाकणारे असतात. पोराच्या पहिल्या कवितेवर सगळे समीक्षाशास्त्र रिचवून ती जाळून टाकणारे. त्यांना आपण निष्ठुर म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण रिकामे चालवणाऱ्याला कोणी निष्ठुर म्हणत नाही. त्याची वही तर सुवाच्य असते. तास भरलेले असतात, प्रकरणे भरलेली असतात. त्याचे नुकसान उशिरा, दुसऱ्याच्या शिवारात आणि दुसऱ्याच कोणाच्या नावावर दिसते.

गेल्या वर्षी पुतण्याने नवा ट्रॅक्टर घेतला. आताचे सिलिंडर कारखान्यातच असे घासून येतात की उंचवट्यांची टोके आधीच सपाट केलेली असतात आणि खाचा तेवढ्या राखलेल्या असतात; पुष्कळसे रुळणे तेथेच उरकते. तरीही सोबतच्या पुस्तिकेत पहिल्या तासांविषयी एक पान असतेच. पुतण्याने ते वाचले नव्हते. त्याने आम्हांला विचारले, "काका, पयलं काही दिवस नुसताच फिरवू का गावातनं?"

आम्ही त्याला ट्रॉली जोडावयास सांगितली. शेणखत भरावयाचे होतेच. निम्मी भर, असे आम्ही म्हणालो. उद्या थोडी अधिक, आणि चढाला लागलास की कान देऊन ऐक. तो निघाला. मग आम्ही ट्रंकेतली वही काढून पुतण्याच्या आईसमोर, म्हणजे आमच्या वहिनींसमोर ठेवली, आणि पन्नास वर्षांपूर्वी रिंगा कच्च्या नव्हत्या, हे पहिल्यांदा मोठ्याने सांगितले. त्यांनी वही उलटसुलट पाहिली.

"मामंजींस्नी ठावं हुतं की," त्या म्हणाल्या. "मेस्त्रींनीच सांगितलं हुतं त्येंस्नी, पुढं कवातरी. म्हणून तर जपून ठेवली हुती."

बाहेर चढावर ट्रॅक्टरचा आवाज खोल गेला, आणि तसाच चालत राहिला.